दहिवर गोठलं की आठवड्यात पाऊस, हे खरं का?

सावळजचा_बागवान | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

आज पहाटे मेव्हण्यानं महाबळेश्वरजवळच्या लिंगमळ्यावरनं फोटो पाठवला. जीपच्या बॉनेटवर दहिवर गोठून पांढरं झालेलं आणि त्यावर त्याच्या पोरीनं बोटानं 'मामा' लिहिलेलं. घरात सगळ्यांनी कौतुकानं बघितला. मला मात्र धस्स झालं.

कारण आमचे वडील म्हणायचे, "महाबळेश्वराला दहिवर गोठलं की तासगावच्या माणसानं पंप धुऊन ठेवावा." म्हणजे आठ दिवसांत ढग येणार, कदाचित पाऊसही येणार, आणि बागेवर औषध फवारायला लागणार. लहानपणी मला वाटायचं, म्हातारा काहीतरी बोलतोय. पण गेल्या काही वर्षांत दोन-तीनदा तसंच झालेलं बघितलंय.

माझ्याकडं द्राक्षाचे दोन प्लॉट आहेत. एक २० सप्टेंबरच्या छाटणीचा, मण्यात पाणी उतरायला लागलंय. दुसरा १५ ऑक्टोबरचा, थिनिंग, म्हणजे मण्यांची विरळणी, उरकलंय. मोबाईलवर शनिवारी ढग आणि थेंब दिसतोय. आज पहाटे अंगणात ११ अंश होतं. आकाश असं निरभ्र की पाऊस म्हटलं तर लोक हसतील.

तर प्रश्न दोन. वडिलांचं म्हणणं खरं का? आणि खरं असलं तर कशामुळं?

---

पेठेतला_पेढा | ९.२२

खरं. आमच्याकडं साताऱ्यात बायको माहेरी जाऊन आली की आठवड्यात पाऊस पडतो. त्याचंही कारण सांगा कुणीतरी.

---

मिरजकर७ | ९.३१

@पेढा, गडगडाट आधी की नंतर?

---

कृष्णाकाठची | ९.४०

मला आधी एक सांगा, त्याला बर्फ म्हणायचं का नाही? टीव्हीवर दरवर्षी तेच, 'महाराष्ट्राच्या काश्मिरात बर्फवृष्टी'. आमच्या शेजारच्या वहिनी मागच्या साली पोरांना घेऊन पहाटे चारला वेण्णा लेकवर गेल्या. स्वेटर, कानटोप्या, मोजे, सगळा सरंजाम. जेटीच्या फळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तेवढीच. साडेसातला उन्हं आली आणि ती पण गेली. पोरं म्हणाली, आई, बर्फाचा गोळा कुठाय?

---

वेण्णाकाठ | १०.०५

बर्फवृष्टी नव्हे हो ती. आकाशातून काहीच पडत नाही. मी इथलाच, स्ट्रॉबेरी आहे दीड एकर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळात सोडत राहते. वर ढगाचं पांघरूण नसलं आणि वारा पडलेला असला की गवत, पानं, गाडीचा पत्रा हे सगळं हवेपेक्षा जास्त गार होतं. आधी त्यावर दव साठतं, मग ते गोठतं. कधी कधी वाफ पाणी न होता थेट कणच होऊन बसते. वेण्णा लेकचा भाग खोलगट आहे, गार हवा जड, ती उतारानं तिथं येऊन साचते. म्हणून गावात काही नसतं आणि लेकवर पांढरं.

वेधशाळेचा आकडा ७-८ अंश असतो तेव्हाही गवत शून्याला गेलेलं असतं. कारण वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर लाकडी पेटीत असतो, आणि पेटी काही लेकच्या खड्ड्यात नसते. दरवर्षी पर्यटक येऊन भांडतात, "पेपरात सात लिहिलंय, मग बर्फ कसा?" त्यांना हे समजावून सांगण्यात माझी एक पेटी स्ट्रॉबेरी खपते, तेवढाच फायदा.

पावसाचं म्हणाल तर बागवानदादांच्या वडिलांशी मी अर्धा सहमत आहे. कसं ते उद्या लिहितो. पहाटे तीनला स्प्रिंकलर सुरू करायला उठायचंय.

---

जतचा_कोरडा_ढग | १०.१८

आमच्याकडं दहिवर गोठलं काय, दगड गोठला तरी पाऊस येत नाय. पावसाळ्यातच येत नाय, हिवाळ्यात कुठला?

---

निवृत्त_मास्तर_विटा | मंगळवार, सकाळी ७.५०

मी गेली बरीच वर्षं घराच्या मागच्या व्हरांड्यात कमाल-किमान तापमापक लावून वहीत नोंद ठेवतो. चाळीस पानी वह्या, पेन्शनरला दुसरं काय काम. काल हा धागा वाचून रात्री वह्या काढून बसलो.

कडाक्याच्या थंडीनंतर आठवडाभरात ढग आल्याच्या नोंदी आहेत, नाही असं नाही. पण थंडीनंतर नुसती आणखी थंडी आल्याच्याही भरपूर आहेत. गंमत अशी की दुसऱ्या प्रकारची एकही मला आठवत नव्हती, पहिल्या प्रकारच्या बहुतेक तोंडपाठ. पाऊस पडला की नुकसान होतं, नुकसान झालं की माणूस मागं वळून कारण शोधतो आणि तिथं त्याला दहिवर सापडतं. कोरड्या गेलेल्या आठवड्याची कोण आठवण ठेवतो?

तेव्हा माझं मत, योगायोग.

---

मेंढकी_म्हसवड | ८.१५

मास्तर, वही बरोबर असंल तुमची. पण आमचं म्हातारं मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, त्याच्याकडं वही नव्हती. ते वारा बघायचं. सकाळी धूर सरळ वर गेला की थंडी टिकणार. धूर लोळाय लागला, उगवतीकडनं वारं फिरलं, की वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, उचलायचं आणि उंचवटा गाठायचा. दहिवर बघून नाय, वारं बघून.

---

सावळजचा_बागवान | ८.४०

@मास्तर, पटतंय, पण पूर्ण नाही. योगायोग असता तर वडिलांनी पंप धुतला नसता. पंप धुणं त्यांना जिवावर यायचं.

@मेंढकी, हे वाऱ्याचं महत्त्वाचं आहे. आज आमच्याकडं धूर सरळ आहे.

---

अर्धवट_हवामानवाला | दुपारी १.०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. नावातच अर्धवट आहे.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं एकामागून एक पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पावसाच्या हवेच्या लाटा, येतात. इराण, अफगाणिस्तान करत ते हिमालयाला धडकतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो तो त्यांच्यामुळं. विक्षोभ पुढं सरकला की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा गार वारा खाली घुसतो. तो थेट आपल्यापर्यंत आला की महाबळेश्वरला दहिवर गोठतं. म्हणजे दहिवर ही एक विक्षोभ नुकताच गेल्याची पावती आहे.

आणि एक गेला की पुढचा वाटेवर असतो. तो जवळ यायला लागला की आपल्याकडचा उत्तरेचा वारा तुटतो, दक्षिण-पूर्वेकडनं दमट वारं शिरतं. त्याच वेळी अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात एखादं कमी दाबाचं क्षेत्र असलं तर मग झालंच. समुद्राची वाफ, वरून विक्षोभाची ओढ. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला असंच झालं होतं. अरबी समुद्रात कमी दाब, वर विक्षोभ, आणि भर डिसेंबरात महाबळेश्वरपासून मुंबईपर्यंत पावसाळा.

म्हणून मास्तर, दहिवर पाऊस आणत नाही हे बरोबर. पण दोघांचा बाप एकच आहे, असं म्हणता येईल. समुद्रात काही नसलं तर पुढचा विक्षोभ नुसते ढग देऊन जातो. तुमच्या वहीतले कोरडे आठवडे ते.

---

पेठेतला_पेढा | १.१२

म्हणजे बायको माहेरी जाते तेव्हा समुद्रात कमी दाब असतो तर.

---

निवृत्त_मास्तर_विटा | २.३०

अर्धवट यांचं स्पष्टीकरण सयुक्तिक आहे. वहीत वाऱ्याचा रकाना नाही, ही माझी चूक. आजपासून आखतो.

---

मिरजेची_परदेशी | रात्री १०.२०

आमच्याकडं आता सकाळ आहे. मी ओंटारिओत राहते, माहेर मिरज. धागा वाचून इतकी गंमत वाटली, कारण आम्ही इथं याच आठवड्यात हेच भोगतोय, फक्त उलट्या बाजूनं.

शनिवारी उणे १२ होतं, गुडघाभर बर्फ. सोमवारी रात्री दक्षिणेची ऊबदार हवा आली, अधिक ६ झालं आणि त्या बर्फावर पाऊस पडायला लागला. सगळीकडं धुकं. ऊबदार दमट हवा बर्फावरून जाते ना, म्हणून. माझ्या मुलानं शाळेतून एक आकडा आणला, मी थक्क झाले. एक ग्रॅम वाफ बर्फावर जमून पाणी झाली तर जी उष्णता सुटते तिनं साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे बर्फ पावसाच्या पाण्यानं वितळतो त्यापेक्षा त्या दमट वाऱ्यानं जास्त वितळतो. रात्रभर छपरावरून धबधबा, सकाळी तळघरात पाणी. आणि आज पुन्हा उणे. सगळं पाणी जागच्या जागी काच. मी दारातून गाडीपर्यंत बसून घसरत गेले, खोटं नाही सांगत.

पण सगळ्यात वाईट याच्या मधली अवस्था. वर ऊबदार हवेचा थर, जमिनीलगत शून्याखालचा पातळ थर. वरून बर्फ निघतो, मधे वितळून पाणी होतो आणि खाली परत गोठायला त्याला वेळच मिळत नाही. मग तो तारेवर, फांदीवर, गाडीवर पडल्या पडल्या गोठतो. जानेवारी १९९८ मध्ये इथल्या पूर्व भागात आणि शेजारच्या क्यूबेकमध्ये असा पाऊस पाच-सहा दिवस चालला. विजेचे पोलादी मनोरे बर्फाच्या वजनानं वाकून कोसळले, लाखो घरं अंधारात गेली. जुने लोक अजून त्या सालावरून वयं मोजतात, आपल्याकडं कोयनेच्या भूकंपावरून मोजतात तशी.

@बागवानदादा, तुमच्या वडिलांसारखं इथंही म्हातारे म्हणतात, जानेवारीत एकदा तरी वितळणार. बापू म्हणा की बॉब, बोलणं तेच.

---

कृष्णाकाठची | १०.३५

अगं बसून घसरत काय! जप बाई. आणि तिकडं भडंग मिळतं का?

---

मिरजेची_परदेशी | १०.४१

मिळत नाही गं. आई पाठवते, कस्टमवाले हुंगतात.

---

जतचा_कोरडा_ढग | १०.५०

एक शंका. त्यांच्याकडं वर बर्फ, खाली पाऊस. मग आपल्याकडं महाबळेश्वरला खरा बर्फ का नाय पडत? उंच तर आहे.

---

अर्धवट_हवामानवाला | ११.०५

@जत, उंच म्हणजे किती? साधारण १,३७० मीटर. आपल्या अक्षांशावर ढग असताना हवेत शून्य अंशाची रेघ चार-साडेचार किलोमीटरवर असते. त्या रेघेच्या वर आपल्या पावसाचा बराचसा भाग बर्फच असतो, गंमत तीच. पण खाली येताना तीन किलोमीटर ऊबदार हवेतून पडायचं म्हणजे बर्फाचं पाणी होणारच. गारपिटीची गार तेवढी टिकते, कारण ती मोठी आणि वेगानं पडते.

आणि मेख अशी की आपल्याकडं कडाक्याची थंडी आणि ढग एकत्र येतच नाहीत. आभाळ मोकळं तेव्हा थंडी, ढग आले की रात्र ऊबदार.

---

वेण्णाकाठ | बुधवार, पहाटे ५.३०

मी अर्धा सहमत म्हटलं होतं ते नेमकं हेच. अर्धवटरावांनी पूर्णवट लिहिलंय.

मला दोन्हीकडून मार बसतो. दहिवर गोठलं की फूल करपतं, मधला पिवळा भाग काळा पडतो. ते फूल फळ देत नाही, दिलं तर वेडंवाकडं. म्हणून पहाटे तुषार लावायचा, पानावरचं धुऊन काढायचं. ढग आले की तेवढी झोप मिळते. पण पाऊस पडला की मल्चिंग पेपरवर टेकलेलं फळ ओलं राहतं आणि दोन दिवसांत त्यावर राखाडी बुरशीची लोकर. एक सडलेलं फळ तोडायचं राहिलं की शेजारची चार गेली. २०१० साली इथल्या स्ट्रॉबेरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण बुरशीला जीआय दाखवून उपयोग नाही.

तरी विचाराल तर मी थंडी निवडीन. थंडीनं फूल जातं, पुढचं येतं. पावसानं तयार माल जातो.

---

ऊसकरी_इस्लामपूर | ७.१०

तुमी सगळे द्राक्षं-स्ट्रॉबेरीवाले. आमच्या उसाला दोन सरी पडल्या तर चांगलंच की. पाणी वाचतं, वीजबिल वाचतं.

---

कराडचा_फडकरी | ७.३२

@इस्लामपूर, दादा, तुमाला चांगलं. फडातल्या माणसाला विचारा. दोन सरी पडल्या की ट्रॅक्टर बाहेर निघत नाय, तोड बंद. कोप्या, म्हणजे आमच्या झोपड्या, गळतात, चुली विझतात, पोरं भिजल्याली. टनावर मजुरी, तोड बंद म्हणजे पैसा बंद.

---

ऊसकरी_इस्लामपूर | ७.४०

बरोबर बोललात. चूक झाली.

---

आजीचा_हरभरा | ९.००

हरभऱ्याचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. आमच्या आजी पहाटे हरभऱ्याच्या रानात धोतराचं धूत फडकं फिरवायच्या आणि ते पिळून आंब बाटलीत भरायच्या. पोटदुखीवर औषध. ती आंब दहिवरात जास्त धरते. पाऊस पडला की सगळी धुऊन जाते आणि मग घाटेअळीला मोकळं रान, असं आजी म्हणायच्या. शाळूचंही तसंच, कणसात दाणा भरताना पाऊस आला की दाणा काळा पडतो. भाकरी खाता येते, पण बाजारात कुणी विचारत नाही. आणि हुरडा तर गेलाच.

---

पेठेतला_पेढा | ९.०८

हुरडा गेला? आता मात्र मामला गंभीर आहे. मला आमंत्रण होतं शनिवारी, कोरेगावला.

---

ऋतू_बदललेत | ११.२५

इथं कुणीच मूळ मुद्दा बोलत नाहीये. हे सगळं हवामान बदलामुळं. पूर्वी हिवाळ्यात पाऊस पडायचा नाही. समुद्र तापलाय, अरबी समुद्रात वादळं वाढलीत. आपण मात्र आजोबांच्या म्हणी घेऊन बसलोय.

---

निवृत्त_मास्तर_विटा | दुपारी १२.४०

@ऋतू, समुद्र तापतोय हे खरं, अरबी समुद्रातली वादळं वाढलीत हेही नोंदींत आहे. हवा एका अंशानं तापली तर तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे पडला तर जोरात पडणार. हे सगळं मान्य.

पण 'पूर्वी पडायचा नाही' हे चूक. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ विसरलात? आणि त्याही आधी हिवाळी पाऊस होताच, म्हणून तर आपल्याकडं 'अवकाळी' हा शब्द आहे. ज्या गोष्टीला जुनं नाव असतं ती गोष्ट जुनी असते.

---

ऋतू_बदललेत | १.१५

सर, फयान नोव्हेंबरात होतं. आता दोन-चार वर्षांआड डिसेंबर-जानेवारीत ढग असतातच. २०२४ ला फेंगल वादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ चढलं, तिकडनं विरत विरत अरबी समुद्राकडं गेलं आणि आपली थंडी आठवडाभर गुल. शब्द जुना असेल, वारंवारता नवी आहे. तुमच्याच वह्या बघून सांगा.

---

निवृत्त_मास्तर_विटा | १.५०

बघून सांगतो. घाईनं विधान करणार नाही.

---

तासगाव_बेदाणा | संध्याकाळी ६.३०

बागवानदादा, चर्चा ऐकून पंप तसाच राहील. धुवा आधी.

मण्यात पाणी उतरलेल्या प्लॉटला खरा धोका तडकण्याचा आहे. मण्यात साखर भरत असताना वरनं पाऊस आणि मुळाकडनंही पाणी मिळालं की साल ताणाला पुरत नाही. म्हणून आजपासून ड्रीप बंद करा किंवा अगदी कमी. ऑक्टोबरच्या प्लॉटला डाउनी रोग बघा. पान जितके तास ओलं राहील तितका डाउनी आत शिरतो. पाच मिलिमीटर पडून तासात ऊन पडलं तर निभावतं, रात्रभर नुसती भुरभुर असली तर नाही.

---

नवा_शेतकरी_पलूस | ६.४४

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारला तर चालेल का? आमच्या मामांनी सांगितलंय.

---

तासगाव_बेदाणा | ६.५२

मामांना म्हणावं, छाटणीनंतर ठीक. आत्ता मण्यावर निळे डाग पाडून घ्यायचेत का? आणि माल बाहेर जाणार असला तर रेसिड्यूचे, म्हणजे मालात औषधाचा अंश उरण्याचे, दिवस मोजून औषध निवडा. माझ्याकडं काय, तडकलं तरी बेदाण्याला थोडंफार निभतं, असं लोकांना वाटतं. तेही खोटं. फुटलेला मणी शेडवर जाळीला चिकटतो, काळा पडतो. चार किलोला एक किलो बेदाणा, त्यातला काळा निघाला की भाव अर्ध्यावर.

---

मेंढकी_म्हसवड | गुरुवार, सकाळी ७.०५

आज धूर लोळला. वारं उगवतीचं.

---

सावळजचा_बागवान | ७.२०

आमच्याकडं पण. आणि पहाटे १६ अंश. सोमवारी ११ होतं. रग टाकून झोपलो होतो, रात्रीत बाजूला सारला. दहिवर नाही, पानं कोरडी. पंप धुतला.

---

मिरजकर७ | ७.३५

काल संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर उभा होतो. सोमवारी तिथं वारं कानाला झोंबत होतं. काल हवा अशी की स्वेटर काढून हातात घ्यावा लागला. पश्चिमेला जाड पांढरे पट्टे. 'गरम पाऊस' येणार असं चहावाला म्हणाला.

---

मेंढकी_म्हसवड | ८.००

गरम पाऊस म्हणणाऱ्यानं २०२१ साल बघितलं नाय. त्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं मेंढरं पटापट मेली. आमचा पावणा होता तिकडं. सांगत होता, रात्रभर भिजलेलं मेंढरू सकाळी एकमेकावर रचल्यागत पडलेलं. लोकर भिजली की मेंढरू जड होतं, वर वारं. पाऊस गरम का गार, हे अंगावर काय आहे त्यावर.

---

अर्धवट_हवामानवाला | ९.१०

@मेंढकी, हे फार महत्त्वाचं बोललात. ढग आले की रात्र ऊबदार होते पण दिवस गार होतो. ऊनच नाही. ११ ते ३० असा जो दिवसाचा हिंदोळा असतो तो १८ ते २३ वर येऊन थांबतो. सरासरी काढली तर फारसा फरक दिसत नाही, म्हणून पेपरात 'तापमानात वाढ' एवढंच येतं. पण वेल, बुरशी, मेंढरू, कुणीच सरासरीवर जगत नाही. बुरशीला ऊबदार ओली रात्र पाहिजे, मेंढराला कोरडा ऊन असलेला दिवस. एकाच ढगानं एकाचं साधतं, दुसऱ्याचं जातं.

---

पेठेतला_पेढा | ९.१५

हुरडा रद्द झाल्याचा फोन आला. बायको माहेरीच आहे, नोंद घ्यावी.

---

सावळजचा_बागवान | रविवार, रात्री ८.४५

मंडळी, उशिरा लिहितोय, दोन दिवस मोबाईल बघायला वेळ नव्हता.

शुक्रवारी रात्री अकराला सुरू झाला. जोराचा नाही, भुरभुर. सतत. पत्र्यावर नीट आवाजही येत नव्हता, मी तीनदा बाहेर येऊन हात धरून बघितला. हवा अंगाला चिकटत होती. किमान तापमान १९. डिसेंबर आहे यावर विश्वास बसत नव्हता, बेडूक ओरडत होते.

पहाटे पाचला मी आणि भाऊ बॅटरी घेऊन बागेत. घडाच्या खालच्या टोकाला थेंब साठून राहतो, मण्याच्या फटीत पाणी बसतं. ते काढायला औषध न घालता ब्लोअर मोकळा फिरवायचा, नुसता वारा मारायचा. दोन ओळी झाल्या आणि ट्रॅक्टर रुतला. मग माणसं लावून मंडपाच्या तारा हलवल्या. अख्खी बाग अंगावर शिंतडते, सदरा पिळून काढला. आईनं बांधावर चहा आणला, त्यातही थेंब पडत होते.

सकाळी नऊला ढग फाटले. ऊन पडलं आणि मग कान देऊन ऐकावं लागतं. तडकलेल्या मण्याचा आवाज येतो असं वडील म्हणायचे. मला आला नाही. पण दुपारपर्यंत दिसायला लागलं, देठाजवळ केसाएवढी चीर, आणि तिच्यावर आधी माश्या मग मुंग्या. पाण्याच्या प्लॉटमध्ये कडेच्या चार ओळींत जास्त आहे, जिथं ड्रीप बंद करायचा राहिला होता. बेदाणाभाऊ, तुमचं ऐकलं तिथं वाचलं. चार ओळींचा कॉक विसरलो, तिथं गेलं. कात्री घेऊन दोन दिवस फुटके मणी काढतोय. ऑक्टोबरचा प्लॉट सध्या हिरवा दिसतोय, डाउनीचं पान अजून तरी सापडलं नाही. फवारणी झाली, एसटीपी पंपानं, पाठीवर पाइप ओढून.

प्रश्नाचं म्हणाल तर अर्धवटरावांचं आणि मेंढकीताईंचं मिळून उत्तर झालं असं धरतो.

---

मेंढकी_म्हसवड | ८.५५

ताई नव्हं, काका हाय मी. मेंढकी आमच्या कुत्रीचं नाव.

---

कृष्णाकाठची | ८.५८

😂😂 आठवडाभर मी पण ताईच समजत होते.

---

तासगाव_बेदाणा | ९.०५

चार ओळी म्हणजे फार नाही. फुटका मणी काढताना घड फार हलवू नका, शेजारचे पण नाजूक झालेत. आणि दोन-तीन दिवस बाग उघडी ठेवा, वारं खेळू द्या. पाणी लगेच सोडू नका.

---

निवृत्त_मास्तर_विटा | ९.२०

वह्या बघितल्या. @ऋतू_बदललेत, अलीकडच्या वह्यांत डिसेंबरातल्या ढगाळ रात्री जास्त दिसतात, हे खरं. पण एका व्हरांड्यावरून जिल्ह्याचं सांगणं बरोबर नाही. वाऱ्याचा रकाना आखलाय. शुक्रवारची नोंद: आग्नेय, मंद.

---

ऋतू_बदललेत | ९.३१

धन्यवाद सर. एवढं कुणी बघत नाही.

---

वेण्णाकाठ | ९.४०

आमच्याकडं पण झोडपलं. तीन पेट्यांतली एक फेकली. पण आज दुपारपासून उत्तरेचं वारं सुरू झालंय, आभाळ धुतल्यासारखं. रात्री आठला १२ अंश आणि उतरतंय. पहाटे परत गोठणार.

---

सावळजचा_बागवान | ९.४४

@वेण्णाकाठ, म्हणजे आठ दिवसांनी परत पंप?

---

वेण्णाकाठ | ९.४६

धुऊनच ठेवा.